टाकीवरचा शेंदूर मी खरडला

भडगावात आमच्या वखारीवर येणारे लोक अजून सांगतात, की देवाने आपोआप खोळ टाकली. खोटं आहे ते. तो शेंदूर मी खरडला, माझ्या हाताने, पेचकसाने, दिवसाढवळ्या, सासूसासऱ्यांच्या समोर. पेचकस एकदा हातातून निसटून भुशात पडला, तो शोधला आणि पुन्हा खरडायला लागले. सातवीपर्यंत शिकलेली मी, दोन ओळी लिहिल्या की दमते, तरी हे लिहून ठेवते. नाहीतर पोरगी मोठी झाल्यावर तिलाबी कोणीतरी ती खोळीचीच गोष्ट सांगेल.

आमची वखार जळाऊ लाकडाची. बाभूळ, निंब, कुठे शेताच्या बांधावरचं आंब्याचं झाड पडलं तर ते. हॉटेलवाले नेतात, लग्नाच्या स्वयंपाकाला जातं, आणि मसणवटीतबी आमचंच लाकूड जातं. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळं कुऱ्हाडीवर होतं. मग पोरीच्या बाबांनी धुळ्याच्या एका मिस्तरीकडून मशीन बनवून आणलं. मशीन म्हणजे काय, एक लांब लोखंडी गर्डर, त्याच्या एका टोकाला हाताएवढ्या उंचीची लोखंडी पाचर आणि दुसऱ्या टोकाला भंगारातल्या ट्रॉलीचा जॅक, तो ट्रॉली उचलतो ना, तसला. डिझेल इंजिनावर पंप फिरतो, पंप टाकीतलं तेल जॅकमध्ये ढकलतो, जॅक लाकडाला ढकलतो आणि लाकूड पाचरीवर जाऊन कडाड फुटतं. लिव्हर पुढे केली की जॅक पुढे, मागे ओढली की मागे. एवढंच. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा चार पावलं मागे सरले होते. घाई नाही, गडबड नाही, हळूहळू पुढे येतं आणि बाभळीचा बुंधा उकलतं. माणसाचं काय करेल!

आणि केलंच. एकजण लाकूड मांडतो, दुसरा लिव्हर धरतो, असं ते काम. तेव्हा लिव्हरवर रोजाचा माणूस होता. तो कोणाशी तरी बोलत होता, हात पुढे गेला त्याचा, आणि इकडे पोरीच्या बाबांचं बोट लाकूड आणि पाचर यांच्या मधे. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं. मी तेव्हा गरोदर होते. ते रक्त मी माती टाकून झाकलं, मला ते अजून त्या जागेवर दिसतं.

दवाखान्यातून आल्यावर ते आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आते लिव्हर हिनाच हातमा राही."

आबा हसले. "हाई? हाई तं उंदीर दिखना तरी खाटवर चढस!"

"म्हनीसनच. हाई भितरी शे, म्हनीसन मना भरोसा शे."

आयुष्यात माझ्या भित्रेपणाचं कोणी चांगलं बोललं असेल तर ते त्या दिवशी. बाळंतपण झालं, सव्वा महिना झाला आणि मी लिव्हरला उभी राहिले. पोरगी झोळीत, झोळी शेडच्या आडव्या लाकडी बल्लीला. मी त्यांच्या हातांवरून नजर काढत नव्हते. दोन्ही हात बाजूला झाले, की त्यांनी "हं" म्हणायचं, मी "हं" म्हणायचं, मग लिव्हर. लोक हसायचे आमच्या हं-हं ला. हसू द्या. नंतर एकही बोट गेलं नाही.

आता शेंदराचं. सासूला सगळं गाव अक्का म्हणतं, मीबी अक्काच म्हणते. पोराचं बोट गेल्यावर अक्का दोन दिवस जेवल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मशीनले रगत लागनं. आते त्याले देव करनं पडी, नही तं आखो मांगी." म्हणजे देव केला नाही तर आणखी रक्त मागेल. मशीनच्या तेलाच्या टाकीवर मधोमध एक गोल उंचवट्याचं झाकण होतं, वाटी पालथी घातल्यासारखं. तेच अक्कांना देवासारखं दिसलं. खंडेनवमीला आपण अवजारं पुजतोच, हळदीकुंकू लावतो, फूल ठेवतो, पण अक्कांनी त्या झाकणाला तेलात कालवून शेंदूर लावला, दोन चांदीचे डोळे चिकटवले आणि दर शनिवारी नवा हात देऊ लागल्या. शेंदूर कोणी काढत नाही, तो चढतच जातो. बांधावरच्या म्हसोबाचं बघा ना, मूळ दगड मुठीएवढा असतो आणि शेंदूर चढून चढून घागरीएवढा होतो. मग कधीतरी वजनाने आपोआप गळून पडतो, त्याला म्हणतात देवाने खोळ टाकली. आमच्या झाकणाचंबी तसंच झालं. बघता बघता ते नारळाएवढं झालं. पोरीच्या बाबांना वाटायचं आईच्या जिवाला बरं वाटतं, वाटू दे. मीबी पाया पडत होते रोज, खोटं कशाला बोलू.

मग मशीन बसायला लागलं.

आधी नुसतं सुस्त झालं. जॅक निम्मा पुढे यायचा आणि दमायचा. पंप कण्हायचा, कुत्र्याचं पिल्लू दाराबाहेर कण्हतं तसं, बारीक आणि सारखं. पोरीच्या बाबांनी इंजिनाचा पट्टा बघितला, सैल वाटला म्हणून ताणला. फरक नाही. तेल कमी असेल म्हणून झाकण उघडून तेल टाकलं तर थोडा वेळ चाललं, आम्ही म्हटलं झालं, झाकण लावलं आणि दुपारपर्यंत पुन्हा कण्हणं सुरू. बाभळीचा एक गाठीचा बुंधा होता, तो पाचरीत अर्धा जाऊन तसाच अडकला. ना पुढे ना मागे. गिऱ्हाईक आलं की तो बुंधा बघायचं आणि मग माझ्याकडे बघायचं.

धुळ्याहून मिस्तरी आला. भला माणूस, झाकणाला हात लावायच्या आधी कपाळाला हात लावून नमस्कार करायचा. झाकण कडेने अलगद धरून काढलं, देवाच्या अंगाला बोट लागू दिलं नाही, बाजूला फडक्यावर ठेवलं. तेल बघितलं, फेस होता. म्हणाला, वारा ओढतंय कुठून तरी. जाळी काढून धुतली. पाईपचे जोड आवळले. जॅकचं रबरी सील बदललं. दाबाचा एक व्हॉल्व असतो स्प्रिंगचा, तो आवळला. मग इंजिन चालू केलं आणि काय सांगू, मशीन असं चाललं की तो अडकलेला बुंधासुद्धा हलला. सगळे खूश. मिस्तरीने चहा घेतला, झाकण लावलं, नमस्कार केला आणि एष्टीने गेला. अक्कांनी देवाला शेंदराचा हात दिला. मी लिव्हरला उभी राहिले आणि तासाभरात मशीन कण्हायला लागलं.

तो पुन्हा आला. पुन्हा तेच. तो असला की चालायचं, तो गेला की बसायचं.

माणसं हिशोब लावतात. आबांनी लावला. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्तरी उभा ऱ्हास तोपर्यंत चालस, हाई उभी ऱ्हायनी का बंद पडस. मंग दोष कोना?"

अक्का म्हणाल्या, "ओली बाळंतीण देवना मशीनले हात लावस. मी पहिलेच म्हनं व्हतं."

मी ताटावरून उठले नाही. उठले असते तर दोष कबूल केल्यासारखं झालं असतं. तोंडातला घास गिळला. मग म्हणाले, "हात तर मी खाटेलाबी लावते, ती कुठे बसली?" हमाल बाहेर ओसरीत जेवत होते, ते फिसकन हसले. आबांनी पाण्याचा तांब्या आपटला.

तिसऱ्या खेपेला मिस्तरी म्हणाला, "पंप आतून गेला असंल भाऊ. बाकी सगळं बघितलं मी. मशीन धुळ्याला न्यावं लागंल." आबा म्हणाले, नेच, आणि परत आणू नको, भंगारात घाल, आम्ही कुऱ्हाडीचीच माणसं. आणि त्याच दमात, मला नाही, पोरीच्या बाबांना म्हणाले, "हिलेबी चार दिवस धरणगावले धाडी दे. मन शांत व्हई बठ्ठासनं."

बठ्ठासनं म्हणजे सगळ्यांचं, आणि धरणगाव माझं माहेर. चार दिवस म्हणजे किती ते मला माहीत आहे. माझी मोठी बहीण अशीच चार दिवसांसाठी आली होती, तिच्या सासरी बैल मेला होता म्हणून. अजून धरणगावातच आहे ती. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते आणि दर दिवाळीला दारात बसून रस्ता बघते. तिला कोणी सोडलं नाही, कोणी मारलं नाही, फक्त न्यायला कोणी आलं नाही. मी पोरीच्या बाबांकडे बघितलं. ते अर्ध्या बोटाकडे बघत होते. बापासमोर त्यांचा शब्द निघत नाही. मला रागबी आला आणि कीवबी. मी एवढंच विचारलं, "आणि कुऱ्हाड नाही झेपली, पुन्हा मशीन आलं, तर लिव्हर कोण धरणार?" त्यांनी तो हात पाठीमागे नेला.

शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन मिस्तरी आला. माझी पत्र्याची पेटी दारात काढून ठेवलेली. हमाल गर्डरखाली बल्ल्या सरकवत होते. अक्का ताट घेऊन आल्या, शेंदूर कालवलेला, म्हणाल्या देव घरातून चालला, त्याला शेवटचा हात देते. रडत होत्या त्या. लेकीची पाठवणी करतात तशा त्या लोखंडाची करत होत्या, आणि माझ्या पेटीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

पोरगी भुकेने किंचाळायला लागली. माझं दूध आटलेलं, बाटलीने पाजत होते. मी अडकलेल्या बुंध्याशेजारी बसले आणि बाटली तोंडात दिली. ती ओढायला लागली, जोर लावून, गाल आत गेले, आणि दूध येईना. रबरी निपल चपटं झालं, आत ओढलं गेलं. पोरगी बाटली सोडून कण्हायला लागली. ते नेहमीचंच होतं, मी झाकण जास्त आवळलं की असं व्हायचं. मी झाकण अर्धा आटा सैल केलं, बाटलीत बुडबुडे गेले, निपल पुन्हा फुगलं आणि ती घटाघटा प्यायला लागली.

एक हमाल म्हणाला, "वहिनी, मशीनलेबी बाटली द्या जराशी, तेबी रडी ऱ्हायनं!"

सगळे हसले. मी नाही हसले. कारण मशीन खरंच तसंच कण्हत होतं. तसंच. पोरगी ओढते आणि येत नाही तेव्हा जशी कण्हते तसंच. आणि मिस्तरी असला की झाकण उघडं असतं, फडक्यावर. तो गेला की झाकण लागतं.

पोरीला एका हमालाच्या हातात दिलं, तो बिचारा घाबरला, आणि मी टाकीपाशी गेले. अक्कांचं बोट शेंदरात होतं. मी म्हणाले, "अक्का, थांबा."

"काय व?"

"थांबा म्हणते ना! मिस्तरी भाऊ, बल्ल्या काढा. इंजिन लावा एकदा."

आबा ओरडले, "आते काय तमाशा शे हाऊ?" मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. पोरीच्या बाबांना म्हणाले, "तुम्ही लावा." ते गेले आणि हँडल मारलं. इंजिन धडधडलं. मी लिव्हर पुढे केली, जॅक बुंध्याला टेकला आणि पंप कण्हायला लागला. तसं मी झाकण काढलं. स्सूऽऽ करून वारा आत गेला, सगळ्यांनी ऐकला, आणि कण्हणं थांबलं. जॅक तसूभर सरकला. मग मी टाकीच्या तोंडावर तळहात दाबून ठेवला. थोडा वेळ काही नाही, मग माझ्या हाताला आतून कोणीतरी चोखतंय असं वाटलं, तळवा ओढला गेला आणि पंप पुन्हा कण्हला. हात काढला, पुन्हा चालू. पुन्हा ठेवला, पुन्हा कण्हला. मी लिव्हर मागे ओढून जॅक मागे घेतला आणि नुसती म्हणत राहिले, "बघा, बघा."

मिस्तरीने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अरे तिच्या! भोकं! झाकणाला भोकं मीच पाडली होती, वारा जायला. जॅक बाहेर आला की टाकीतलं तेल खाली जातं, तेवढा वारा आत यायला पाहिजे. नाही आला तर पंप तेल ओढणार कसं?"

"मंग आते उघडंच ठेवा झाकण," आबा म्हणाले.

"भुसा पडंल आत. भुसा गेला की पंप खरंच जाईल. भोकं मोकळी करावी लागतील." एवढं बोलून मिस्तरी दोन पावलं मागे सरला. "पण ते तुम्ही घरच्यांनी बघा भाऊ. देवाचं आहे ते."

कोणी पुढे आलं नाही. आबा नाही, हमाल नाही. देवाच्या अंगावरचा शेंदूर काढायचा म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पोरं मरतात म्हणतात त्याने. माझं पोर तिथे समोर हमालाच्या हातात दूध पीत होतं. मी तिच्याकडे बघितलं, तिची टाळू अजून भरलेली नव्हती, धपधप उडत होती. मला वाटलं ठेवून द्यावं सगळं, पेटी उचलावी, एष्टीत बसावं.

आणि मग मला माझी बहीण दिसली, दारात बसलेली.

मी मिस्तरीच्या पिशवीतून पेचकस घेतला आणि खुपसला शेंदरात.

"अव पोरी, देव शे तो! हात नको लाऊ!" अक्कांच्या हातातलं ताट पडलं. त्या माझ्या दंडाला धरून ओढत होत्या आणि मी खरडत होते. वरचा थर मऊ होता, खालचा दगडासारखा. खापऱ्या निघत होत्या, लाल, नारिंगी, एकाखाली एक. चांदीचे डोळे निघाले ते मी अक्कांच्या हातात दिले, म्हणाले, "डोळे घ्या. बाकीचं मी करते." शेवटी लोखंड लागलं. बारीक भोकं होती, मिठाच्या डबीला असतात तशी, सगळी बुजलेली. पदराच्या पिनेने एकेक मोकळं केलं. मग झाकण तोंडापुढे धरून फुंकलं, तर माझा वारा पलीकडून पोरीच्या बाबांच्या अर्ध्या बोटाला लागला. ते जवळ येऊन उभे होते, मला कळलंच नव्हतं.

झाकण घट्ट लावलं. इंजिन चालूच होतं. पोरीच्या बाबांनी तो बुंधा दोन्ही हातांनी पाचरीवर सरळ केला, हात बाजूला घेतले आणि बापासमोर, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, "हं."

मी म्हणाले, "हं."

बुंधा उकलला. गाठीसकट. आत लाल होता, ओला, बाभळीचा वास सुटला. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मिस्तरीने टेम्पोवाल्याला जायला सांगितलं. आबा तोंड फिरवून घरात गेले, जाताना माझ्या पेटीची ठेच लागली तर तिलाच शिवी दिली.

अक्का खाली बसून शेंदराच्या खापऱ्या पदरात गोळा करत होत्या. मी मदतीला वाकले तर हात झटकला. मग हळूच, मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "म्हन, देवनी खोळ टाकी. आपोआप पडनी, म्हन. मी बी तसंच सांगसू. तुले कोनी काही बोलाव नही."

माया होती ती. मला कळलं होतं. त्या मला वाचवत होत्या, आणि स्वतःलाबी. मान डोलावली असती तर सगळं गोड झालं असतं. पण देवाने स्वतः खोळ टाकली म्हटल्यावर पुढच्या शनिवारी नवा शेंदूर लागणारच ना? भोकं पुन्हा बुजणार, मशीन पुन्हा कण्हणार, आणि पुन्हा दारात कोणाची पेटी? आणि लिव्हर कोणाच्या हातात?

मी उभी राहिले. हमालांना, मिस्तरीला, घरात आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "नही अक्का. मी खरडं. आन् पुन्हा लावशात, तं पुन्हा खरडसू."

त्यांनी पदराची गाठ मारली आणि एकट्याच गिरणा नदीकडे चालत गेल्या, खापऱ्या सोडायला.

माझ्याशी त्या पोळ्यापर्यंत नीट बोलल्या नाहीत. पोरीला ताप आला, दात येत होते तिला, तेव्हा त्या नुसत्या माझ्याकडे बघायच्या, आणि मीसुद्धा त्या रात्री झोपले नाही, मनात सारखं देवा तुझं चुकवलं का, देवा तुझं चुकवलं का. ताप उतरला. दात आला. शेडच्या कोपऱ्यात अक्कांनी गिरणेतून आणलेला एक गोटा मांडलाय, ते चांदीचे डोळे आता त्याला आहेत. शनिवारी शेंदूर तिथे लागतो, मीबी पाया पडते. शेंदूर लावून झाला की अक्कांचं बोट अजून टाकीकडे वळतं, सवयीने. मी लिव्हर सोडत नाही, फक्त बघते. त्या बोट पदराला पुसतात आणि म्हणतात, "देखी ऱ्हायनी नुसती, डाकीण!"

आणि मी देखतच राहते. झाकणाकडे, आणि मग त्यांच्या पोराच्या हातांकडे.